दोन चाकांची ट्रॉली पावसाळ्यांत उभी कशी ठेवावी

गळिताचा हंगाम आटोपला कीं बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांतील वस्त्यावस्त्यांवर एक देखावा ठरलेला असतो. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी वगैरे ठिकाणच्या कारखान्यांकडे पांच-सहा महिने ऊंस वाहिलेली ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून गोठ्याच्या कडेला, बांधावर, नाहीं तर रस्त्याकांठच्या लिंबाखालीं लोटली जाते. पुढच्या दांडीखालीं हाताला लागेल तो दगड सरकवितात. दगड नसला तर फुटकें जातें, विटांची चळत, रिकामें पिंप. एकदां तर खताच्या पोत्यांत माती भरून केलेला टेकाहि आम्हीं पाहिला आहे. मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडी तशीच असते. तिच्याकडे कोणी बघत नाहीं, कारण ती कांहीं मागत नाहीं. बैलास वैरण लागते, ट्रॅक्टरास डिझेल लागतें. ट्रॉली मुकी आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून वयाच्या ५८व्या वर्षीं घरीं आलों. ट्रॉली बनविणारे लोहार व मिस्त्री ह्या विषयांत आमच्याहून पुष्कळ जाणते आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तालुका कचेरींत जे कागद आमच्या हातांखालून गेले ते त्यांच्या पाहण्यांत आलेले नसतील. आकस्मिक मृत्यूचीं प्रकरणें तेथें येतात. शेतकऱ्यास अपघात झाला असतां त्याच्या कुटुंबास साह्य देण्याची जी योजना २०२३ पासून गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवें चालू झाली, आणि जींत मृत्यूबद्दल २ लाख रुपये ठरलेले आहेत, तिचे प्रस्तावहि तालुक्याच्या ठिकाणींच तपासले जातात. त्या कागदांत सर्पदंश असतो, विजेचा धक्का असतो, विहिरींत पडणें असतें. आणि अधूनमधून एखाद्या कागदावर "उभी असलेली ट्रॉली अंगावर येऊन" असे शब्द लिहिलेले असतात. चालती नव्हे, उभी. हे शब्द नकलून घेतांना प्रथम आम्हांस वाटलें कीं लिहिणाऱ्याची चूक झाली असावी. चूक नव्हती.

मूळ गोष्ट अशी आहे कीं, चार चाकांची ट्रॉली सोडली तरी स्वतःच्या पायांवर राहते. दोन चाकांची गाडी मुळीं उभी नसतेच. ती तराजूच्या दांडीसारखी आंसावर, म्हणजे मिस्त्री लोक ज्यास ॲक्सल म्हणतात त्यावर, तोललेली असते. ट्रॅक्टर जोडलेला असतो तोंवर तराजूचें एक टोंक त्यानें धरून ठेविलेलें असतें. पिन काढली कीं तें टोंक मोकळें झालें. मग तें खालीं जावयाचें कीं वर उठावयाचें हें गाडींत मागें किती व पुढें किती वजन आहे ह्यावर ठरतें. दांडी खालीं पडते एवढें सर्वांस ठाऊक असतें, म्हणून तिच्याखालीं टेका दिला कीं काम झालें असें मानितात. दांडी वरहि उठते, हें ज्यानें एकदां पाहिलें त्यासच पटतें.

आम्हीं आमच्या रिकाम्या ट्रॉलीची दांडी धान्य मोजण्याच्या काट्यावर टेकवून पाहिली. ६० किलो भरली. दांडीच्या टोंकापासून आंसापर्यंत अंतर ७ फूट, आंसापासून मागील फळक्यापर्यंत ४ फूट. आतां हिशेब शाळेंतल्या मुलासहि करतां येईल. ६० किलो वजनाचा एक माणूस मागच्या टोंकावर उभा राहिला तर ६० गुणिलें ४, म्हणजे २४०. त्यास ७ नीं भागिलें असतां ३४. म्हणजे दांडीवरील ६० किलोंपैकीं ३४ किलो भार त्यानें उचलला. २६ किलो उरला. गाडी जागेवर राहिली. त्याच्या शेजारीं तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस चढला कीं उचल ६८ किलोंवर जाते, दांडी टेक्यावरून सुटते, आणि मागील फळका जमिनीवर आपटतो. दोघे घाबरून उडी मारून उतरले कीं तीच दांडी तितक्याच जोरानें खालीं येते. मधल्या वेळांत टेका आडवा झालेला असतो. खालीं कोण उभें आहे हें दांडीस दिसत नाहीं. दोन माणसांचें तें दोन पोत्यांचें; शेणखत मागच्या बाजूस ओढून उतरवितांनाहि हाच प्रकार होतो. वस्तीवरचीं पोरें तर सुटीच्या दिवशीं अशा गाडीवर मागें-पुढें धांवून मुद्दाम तिला झुलवितात.

आमच्या वाडवडिलांनीं बैलगाडीच्या बाबतींत हा विचार केलेला होता. जूं जमिनीस लागूं नये म्हणून धुऱ्याखालीं लांकडी टेका कायमचाच बसविलेला असे. कित्येक गांवांत त्यास शिपाई म्हणतात. उतारावर तर चाकाखालीं दगडाची उटी दिल्यावांचून बैलांच्या मानेवरचें जूं उतरवीत नसत. पुढें रबरी टायरांची गाडी आली, जीस लोक डनलॉपची गाडी म्हणूं लागले. तिच्यामागून ट्रॅक्टर आला. ओझें वाढलें, चाक हलकें फिरूं लागलें, आणि शिपाई मात्र जुन्या गाडीबरोबरच मागें राहिला.

म्हणून पहिला नियम क्रमाचा आहे. ट्रॅक्टर जोडलेला असतांनाच सर्व तयारी करावयाची, आणि पिन काढणें हें शेवटचें काम. गाडी सपाट जागीं आणावी. ट्रॅक्टर बंद करून त्याचा हातब्रेक ओढावा. मग दोन्ही चाकांस, पुढून आणि मागून, अशा चार पाचरी ठोकाव्यात. एकाच चाकास पाचर दिली तर गाडी त्या चाकाभोंवतीं फिरते. पाचर बाभळीची, उतरती कापलेली, चाकाच्या रुंदीएवढी असावी. गोल धोंडा चाकाखालीं ठेवला तर चाक त्यालाच घेऊन फिरतें. ह्यानंतर मागील दोन्ही कोपऱ्यांखालीं, सांगाड्याच्या लोखंडास लागून, दोन टेके द्यावेत. हे मागचे टेके शंभरांतील पंचाण्णव जण देत नाहींत असें आम्हांस दिसलें आहे, आणि वर लिहिलेला झुला त्यामुळेंच होतो. मग दांडीखालचा टेका. तो दांडीस घट्ट लागला, दांडीचा भार त्यानें घेतला व पिन आपल्या भोंकांत सैल झाली, म्हणजे मगच ती काढावी. हातोड्यानें ठोकून काढावी लागते ती पिन भाराखालीं आहे, आणि ती निघेल त्या क्षणीं दांडी कोठें तरी जाणार. त्या वेळीं पाय दांडीखालीं नसावा, तोंड वर नसावें, आणि ट्रॅक्टर व ट्रॉली ह्यांच्यामध्यें कोणी उभें नसावें. ज्या ट्रॉलीचा हौदा हायड्रॉलिक नळकांड्यावर उचलला जातो तो पुरता खालीं बसवूनच गाडी सोडावी. उचललेल्या हौद्याखालीं वंगणासाठीं शिरावयाचें असेल तर लोखंडी टेका लावल्यावांचून शिरूं नये. तेलाची नळी फुटावयास निमित्त लागत नाहीं.

एवढें ज्ञान आम्हांस आज आहे. २०२५ सालीं नव्हतें.

त्या वर्षीं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत आमच्या भागांत जो पाऊस झाला तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. मृग अजून लागावयाचा होता. नीरा डावा कालवा फुटला, ओढे रस्त्यांवरून वाहिले, उभ्या पिकांत तळीं झालीं. आमची ट्रॉली कालव्याखालच्या काळ्या जमिनींत, विहिरीजवळ उभी होती. दांडीखालीं दोन इंची नळीचा लोखंडी पाय होता, मिस्त्रीनें बसविलेला, रंग दिलेला. आम्हांस त्याचा अभिमानहि होता. पाचरी नव्हत्या. पाऊस उघडल्यावर चौथ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों तो पाय नऊ इंच जमिनींत गेलेला, दांडी चिखलास टेकलेली, आणि गाडी एका अंगास कललेली. थोरल्या भावाचा मुलगा, वय २२, म्हणाला, "काका, जॅक लावून दांडी उचलतों आणि खालीं फळी सरकवतों." आम्ही हो म्हणालों. हें "हो" आमचें आहे, त्याचें नव्हे. जॅक चिखलावर ठेवलेल्या विटेवर लावला. दांडी हातभर वर आली असेल, तोंच गाडी वीतभर मागें सरकली. वीतभरच. जॅकचें डोकें तिरपें झालें, वीट फुटली, आणि दांडी त्याच्या उजव्या पावलावर आली. दोन बोटांचीं हाडें मोडलीं. दीड महिना तो काठीवर चालला, आणि त्या साली आडसाली ऊंसाची लागण करण्यास माणूस लावावा लागला.

दवाखान्यांतून आल्यावर वहिनी आम्हांस एकच वाक्य बोलल्या: "भाऊजी, तुमच्या कचेरींत सुईच्या कागदालाहि दोन सह्या लागायच्या, ह्या टेक्यावर कुणाची सही होती?" ह्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुढील सर्व खटाटोप त्या प्रश्नापासून सुरू झाला.

तो पाय जमिनींत कां गेला? नळीचें बूड दोन इंच व्यासाचें, म्हणजे क्षेत्रफळ सुमारें २० चौरस सेंटिमीटर. त्यावर दांडीचा भार ६० किलो. दर चौरस सेंटिमीटरास ३ किलो झाले. ७० किलोंचा माणूस दोन पायांवर उभा राहतो तेव्हां त्याच्या तळव्यांखालीं दर चौरस सेंटिमीटरास पाव किलोहि येत नाहीं. तरी ओल्या काळींत आपला पाय घोट्यापर्यंत जातो हें आपण रोज पाहतों. मग त्याच्या बारा-पंधरा पट दाबाची नळी जाणार नाहीं तर काय होईल? आतां त्याच नळीखालीं एक फूट लांब, एक फूट रुंद फळी ठेवा. क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटरांहून अधिक झालें, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरास ७० ग्रॅमांच्या आंत आला. भार तोच, जमीन तीच; फक्त पाऊल रुंद झालें. उंटाचें पाऊल वाळूंत जात नाहीं, शेळीचें जातें, त्यांतलाच हा प्रकार.

आपल्याकडील काळ्या जमिनीचा स्वभावहि ध्यानीं घ्यावा लागतो. तिच्यांतील बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते व उन्हांत आकसून भेगाळते. मे महिन्यांत कुदळ लागूं नये इतकी ती टणक असते. म्हणून त्या दिवसांत उभी केलेली गाडी खडकावर उभी आहे असें वाटतें. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. जून-जुलैंत येथें भुरभुर, आणि पाऊस खरा लागतो तो सप्टेंबरांत परतीच्या वेळीं. त्यामुळें जूनमध्यें एकदां पाहून "कांहीं झालें नाहीं" म्हणणारा गडी सप्टेंबरांत फसतो. कालव्याच्या पाण्यानें पाझरणाऱ्या शेतांत तर जमीन पावसावांचूनहि खालून ओली असते. ह्यावर उपाय मुरूम. गाडीच्या लांबीरुंदीहून दोन दोन फूट अधिक अशी जागा आंखून, वरची माती वीतभर काढून, तीत मुरूम भरावा व पाणी मारून धुम्मसानें ठोकावा. भोंवतालच्या जमिनीहून ही जागा चार-सहा इंच उंच राहील असें करावें. एका ट्रॉलीस दोन ट्रॉल्या मुरूम पुष्कळ होतो, आणि एकदां केलेली जागा वर्षानुवर्षें उपयोगीं पडते. मुरूम केला म्हणून फळ्या मात्र वगळूं नयेत.

टेक्यासाठीं काय वापरावें ह्याबद्दल आमचें मत आतां हट्टाचें झालें आहे, वाचकांनीं क्षमा करावी. लांकूड वापरावें, बाभळीचे किंवा जुन्या आढ्याचे चौरस ठोकळे, दीड-दोन फूट लांबीचे. दोन ठोकळे असे, त्यांवर दोन आडवे, पुनः दोन असे, ह्याप्रमाणें चौकोनी रास रचावी. राशीची उंची तिच्या पायाच्या रुंदीहून अधिक होऊं देऊं नये. लांकूड दबतें, करकरतें, चिरतें, म्हणजे आपणांस सूचना देतें. वीट व पोकळ सिमेंटचा ठोकळा हे शेवटच्या क्षणापर्यंत गप्प राहतात आणि एकदम फुटतात. भिंतींत त्यांवर भार सगळीकडून सारखा येतो; लोखंडी कांबेची एक धार त्यांच्यावर टेकली कीं तो भार एका रेघेवर येतो. दगडावर दगड रचलेला टेका तर पोरानें चेंडू मारला तरी ढळतो.

जॅक हें उचलण्याचें हत्यार आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. तेलाचा जॅक रात्रभर ठेवून सकाळीं पाहा. कांहीं तरी खालीं बसलेला आढळेल, कारण आंतील रबर झिजलेलें असतें व तेल हळूहळू मागें फिरतें. जॅकनें उचलावें, रास सरकवावी, भार राशीवर उतरवावा व जॅक काढून घरांत न्यावा. जॅकवर तोललेल्या गाडीखालीं डोकें, हात, पाय कांहीं घालूं नये; आम्हीं वर सांगितलेले कागद बहुतेक ह्याच एका ओळीचे होते. जॅक लावावयाचा तो आंसाखालीं, पाट्यांच्या बैठकीजवळ. फळक्याच्या पत्र्याखालीं लावला तर पत्रा वाकतो. दांडीच्या टोंकाखालीं लावून चाकें उचलूं पाहिलीं तर काय होतें तें पुतण्याचें पाऊल सांगेल.

चाकें जमिनीवरून उचलून ठेवावींत कीं नाहीं, ह्यावर मतभेद आहे. चार-पांच महिने एकाच जागीं दबलेल्या टायराची ती बाजू सपाट होते व रबर बाजूस भेगाळतें, हें खरें. ज्याच्याजवळ चार चांगल्या राशी व सपाट जागा आहे त्यानें आंसाखालीं दोन्ही बाजूंस राशी देऊन चाक बोटभर सुटें ठेवावें. अधिक उचलूं नये, म्हणजे रास ढळलीच तर गाडी बोटभरच पडेल. ज्याच्याजवळ ही सोय नाहीं त्यानें उचलण्याच्या भानगडींत न पडतां टायरांत पूर्ण हवा भरावी, चाकाखालीं फळी घालावी, आणि दर महिन्याला ट्रॅक्टर जोडून गाडी पाव चाक पुढें घ्यावी. हें दुसरें आम्हांस अधिक पसंत आहे, कारण त्या निमित्तानें महिन्यांतून एकदां गाडीकडे लक्ष जातें. टायरांवर ऊन येऊं देऊं नये. जुनें पोतें टाकलें तरी पुरतें.

बाकीचीं कामें सर्वांस ठाऊक आहेत. हौदा धुऊन काढावा, कारण उसाचा रस व चिखल पत्र्यास चिकटून राहिले कीं त्याखालीं गंज धरतो. चाकांच्या बेअरिंगांत व दांडीच्या डोळ्यांत वंगण भरावें. गाडीचा पुढचा भाग मागच्याहून दोन-तीन इंच उंच ठेवून मागील फळका उघडा टाकावा, म्हणजे हौद्यांत पाणी सांचणार नाहीं. सांचलेल्या पाण्याचें वजन लोक धरीत नाहींत. दहा फूट लांब व सहा फूट रुंद हौद्यांत सहा इंच पाणी राहिलें तर तें साडेआठशें किलोंच्या आसपास होतें, आणि तेवढा भार आपल्या टेक्यांवर आपण न सांगतां येऊन बसतो.

जागा निवडतांना वर पाहावें आणि खालींहि पाहावें. वर झाडाची वाळकी फांदी नसावी, विजेच्या तारा नसाव्यात. वळीव येतो तो आधीं वारा घेऊन येतो. खालीं ओढ्याची वाट नसावी. ओढा दहा वर्षें कोरडा आहे हा पुरावा नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्यें कऱ्हेच्या पुराचें पाणी बारामती शहराच्या नदीकांठच्या वस्त्यांत शिरलें. ऑक्टोबर २०२० मध्यें इंदापूर तालुक्यांत एका रात्रींत ओढ्यांनीं कोठकोठचे रस्ते धरले. जुनीं माणसें पाण्याची जी खूण दाखवितात तिच्या वर गाडी न्यावी. सर्प-विंचू ह्यांस राशीखालची सावली आवडते. दसऱ्याला ठोकळे काढतांना हातानें नव्हे, काठीनें काढावेत.

अलीकडे आपल्याकडे आणखी एक प्रकारची दोन चाकांची गाडी येऊं लागली आहे, तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. बारामती तालुक्यांतील पळशीवाडी येथें २००५ पासून कृषि पर्यटन केंद्र चाललें आहे. महाराष्ट्र शासनानें २०२० मध्यें कृषि पर्यटनाचें व २०२१ मध्यें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. शहरांतील मंडळी हुरडा खाण्यास, मुलांस शेत दाखविण्यास येतात. त्यांना निजण्यासाठीं कांहीं मळेवाल्यांनीं चाकांवरची लहानशी खोली घेतली आहे. आमच्या एका स्नेह्यानें गेल्या वर्षीं अशी खोली आणिली, आणि पावसाळ्यांत पाहुणे नसतात म्हणून ती चिंचेखालीं सोडून दिली. त्यानें आम्हांस बोलावलें तें शोभा दाखवावयास. आम्हीं वाकून आधीं तिच्या खालीं पाहिलें.

ट्रॉलीचे सर्व नियम तिला लागू आहेत, परंतु तिच्यांत तीन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली, तिच्या चारी कोपऱ्यांस फिरवून खालीं सोडावयाचे बारीक पाय असतात. ते गाडी हलूं नये म्हणून आहेत, उचलण्यासाठीं नव्हेत. आमच्या स्नेह्यानें ते पिळून पिळून चाकें अधांतरीं केलीं होतीं आणि सबंध खोली चार अंगठ्यांवर उभी होती. भार चाकांवर अथवा आंसाखालच्या राशींवरच असला पाहिजे. कोपऱ्याचे पाय फळीवर नुसते घट्ट लागलेले असावेत. दुसरी गोष्ट वाऱ्याची. ट्रॉलीचा हौदा बुटका व जड असतो. ही खोली उंच, हलकी व सपाट भिंतींची. तिची आडवी बाजू पश्चिमेच्या वाऱ्यास देऊं नये. चार बाजूंस जमिनींत तिरप्या पहारी हातभर खोल ठोकून सांगाड्यास दोरखंडानें बांधावी. जनावरांच्या खुंट्यास बांधूं नये, म्हैस खुंटा उपटते हें सर्वांस ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. ट्रॉलींत पुराचें पाणी शिरतें व ती जागेवर बसते. बंद खोली मात्र तरंगूं पाहते. आठ फूट लांब व सहा फूट रुंद खोली तळाच्या वर एक फूट पाण्यांत उभी राहिली, आणि पाणी आंत शिरलें नाहीं, तर तिनें ४८ घनफूट पाणी बाजूस सारलें. घनफुटास २८ किलो धरले तर साडेतेराशें किलोंच्या आसपास उचल झाली. एवढें वजन पुष्कळशा लहान खोल्यांचें नसतेंच. मग राशी, पाचरी, पाय सर्व जागेवर राहतात आणि खोली शेजाऱ्याच्या उसांत सांपडते. म्हणून तिला उंच जागाच पाहिजे, दुसरा इलाज नाहीं. आंतील गॅसची टाकी बाहेर काढावी, बॅटरीची तार सोडावी, पाण्याची टाकी रिकामी करावी, खाण्याचा कण ठेवूं नये. उंदीर गादीपेक्षां तारेचें वेष्टन आधीं कुरतडतात. वरून प्लॅस्टिकचा कागद आवळून बांधला तर आंत घाम सुटून बुरशी येते. वर छप्पर असावें आणि बाजूंनीं वारा खेळता असावा. आमच्या स्नेह्यानें चिंच सोडली, गोठ्याच्या पाठीमागील माळावर मुरूम टाकला, आणि खोली तेथें हलविली. चहा त्यानंतर मिळाला.

राहतां राहिली सहीची गोष्ट. आम्हीं शंभर पानांची एक वही केली आहे. कारकुनाची खोड जात नाहीं असें घरांत म्हणतात, म्हणोत बापडे. एका गाडीस एक पान. त्यांत गाडी सोडल्याची तारीख, जागा, पाचरी किती, राशी किती, टायरांतील हवा, आणि कोणीं पाहिलें तें. पुढें दर पंधरवड्यास एक ओळ. मोठा पाऊस झाला तर दुसरे दिवशीं सकाळीं जादा ओळ. गेल्या भाद्रपदांत अशाच एका ओळींत "डावी मागील रास अर्धा बोट खचली" असें निघालें. कोरड्यांत पाचर दिली, जुनी फळी काढून दुप्पट रुंदीची घातली, वीस मिनिटांचें काम झालें. हंगामाच्या आरंभीं गाडी बाहेर काढतांना तेंच पान उलट्या क्रमानें वाचावें: आधीं ट्रॅक्टर जोडावा, पिन घालून तिची कळ अडकवावी, मग दांडीचा टेका, मग मागचे टेके, आणि पाचरी सर्वांच्या शेवटीं. चाकांचे नट आवळून पाहावेत, टायरांच्या भेगा पाहाव्यात, मागील लाल चकाकती पट्टी चिखलाखालीं गेली असेल तर पुसून घ्यावी. रात्रीं रस्त्यावर येणाऱ्यास गाडी दिसते ती तेवढ्यामुळेंच.

ह्या वर्षींच्या पानावर गाडी सोडणाऱ्याची सही पुतण्याची आहे. पाहणाऱ्याच्या रकान्यांत आम्ही सही करणार तोंच वहिनींनीं वही मागून घेतली, कंदील धरून चारी राशी पाहून आल्या, एक पाचर पुनः ठोकविली, आणि मग आपलें नांव लिहिलें.